वृद्धनिवासाची निवड आणि मूल्यमापन

वृद्धनिवासाची निवड आणि मूल्यमापन म्हणजे घरातील वयोवृद्ध व्यक्ती वृद्धाश्रमात, ज्येष्ठ नागरिक वसाहतीत किंवा साहाय्यित निवासात राहावयास जाण्यापूर्वी तिच्या गरजा, संस्थेची सेवा, खर्च, कायदेशीर बाजू आणि तिची स्वतःची संमती यांची केलेली पद्धतशीर पडताळणी होय. 'असिस्टेड लिव्हिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहाय्यित निवासात राहणाऱ्याला स्वतःची खोली असते आणि आंघोळ, कपडे, औषधे, चालणे-फिरणे यांपैकी आवश्यक त्या बाबतीत मदत मिळते. महाराष्ट्रात ही पडताळणी बहुधा कुटुंबालाच करावी लागते आणि ती अनेकदा आजारपण, जोडीदाराचा मृत्यू किंवा पडून झालेला अस्थिभंग अशा घाईच्या प्रसंगी होते. व्यक्ती पुढे पूर्णतः परावलंबी झाली तर संस्था तिला ठेवून घेईल काय, हा या मूल्यमापनातील निर्णायक प्रश्न असतो. प्रवेशाच्या वेळी तोच सर्वांत कमी विचारला जातो. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार प्रामुख्याने जालना जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी हे त्याचे आठ तालुके होत. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि त्यांपैकी सुमारे ८१ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते.

जिल्ह्यातील वृद्धांचा सांभाळ परंपरेने एकत्र कुटुंबात होत आला आहे. तथापि शिक्षण व नोकरीसाठी तरुण पिढी छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे स्थायिक होऊ लागल्याने अनेक घरांत केवळ वृद्ध जोडपे किंवा एकटी वृद्ध व्यक्ती उरते. कोरडवाहू भागातील काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात. त्या काळात म्हातारी माणसे व शाळकरी मुले गावी मागे राहतात. अपत्यहीन व्यक्ती, विधवा आत्या किंवा मावशी, अविवाहित काका यांच्या बाबतीत जबाबदारी कोणाची, हे अनेकदा ठरलेले नसते. अशा वेळी पुतण्या, भाचा किंवा सून यांच्यावर निवास शोधण्याचे काम येते.

निवासांचे प्रकार

'वृद्धाश्रम' हा शब्द व्यवहारात निरनिराळ्या प्रकारच्या निवासांसाठी वापरला जातो. त्यामुळे फलकावरील नावावरून सेवेचे स्वरूप कळत नाही. सेवेच्या दृष्टीने पुढील प्रकार करता येतात.

निःशुल्क वृद्धाश्रम: हे धर्मादाय संस्थांकडून किंवा शासकीय अनुदानावर चालतात. निराधार व्यक्तींना निवास व भोजन देणे हा त्यांचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. केंद्र शासनाचा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालत असून तो आता अटल वयो अभ्युदय योजनेत समाविष्ट आहे.

सशुल्क वृद्धाश्रम: येथे अनामत रक्कम व मासिक शुल्क आकारले जाते. खोली स्वतंत्र किंवा सामाईक असते. बहुतेक ठिकाणी स्वतःचे नित्यकर्म स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो.

ज्येष्ठ नागरिक वसाहत: ही स्वावलंबी ज्येष्ठांसाठीची गृहरचना असते. सदनिका विकत किंवा भाड्याने मिळते आणि भोजनगृह, दवाखाना, करमणूक यांची सामाईक सोय असते. पुण्यातील परांजपे स्कीम्स यांची 'अथश्री' ही या प्रकारातील परिचित वसाहत होय.

साहाय्यित निवास: येथे नित्यकर्मांत मदत करणारे प्रशिक्षित सेवक दिवसरात्र उपलब्ध असणे अपेक्षित असते.

शुश्रूषा केंद्र: अंथरुणाला खिळलेल्या, नळीवाटे आहार घेणाऱ्या किंवा प्रगत स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींची येथे परिचारिकांच्या देखरेखीखाली काळजी घेतली जाते.

संघटित स्वरूपाच्या वसाहती व साहाय्यित निवास प्रामुख्याने पुणे, मुंबई यांसारख्या महानगरांच्या परिसरात आहेत. त्यामुळे जालना जिल्ह्यातील कुटुंबासमोर सामान्यतः जवळचा साधा वृद्धाश्रम, दूरच्या शहरातील सेवासंपन्न निवास किंवा घरीच मदतनीस ठेवणे असे पर्याय असतात. संस्थांची माहिती समाजकल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयातून, तसेच १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवरून विचारता येते.

गरजांचे मोजमाप

संस्था पाहण्यापूर्वी व्यक्तीच्या गरजांची नोंद करणे आवश्यक मानले जाते. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा क्रिया विचारात घेतल्या जातात. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी स्वयंपाक, खरेदी, पैशांचा व्यवहार, औषधे वेळेवर घेणे, दूरध्वनीचा वापर, प्रवास अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांची मोजपट्टी तयार केली.

दुसऱ्या मोजपट्टीतील कामे जमत नसली तरी पहिल्यातील सहाही क्रिया जमत असतील, तर साधा वृद्धाश्रम पुरेसा ठरू शकतो. सहांपैकी एक-दोन क्रियांत मदत लागत असेल तर साहाय्यित निवासाची गरज असते. बहुतेक क्रियांत मदत लागत असल्यास शुश्रूषा केंद्र किंवा घरी पूर्णवेळ मदतनीस हेच व्यवहार्य पर्याय उरतात. नोंद करताना व्यक्ती काय करू शकते यापेक्षा ती रोज प्रत्यक्षात काय करते, हे पाहावे लागते. मुले सुट्टीत घरी आलेली असताना अनेक वृद्ध नेहमीपेक्षा अधिक उत्साहाने वावरतात आणि त्यावरून केलेला अंदाज चुकतो. रात्री किती वेळा उठावे लागते, गेल्या वर्षभरात किती वेळा पडणे झाले, ऐकू व दिसणे कितपत आहे, या बाबीही नोंदवल्या जातात. विसराळूपणा नव्याने वाढला असेल तर वैद्यकीय तपासणी प्रथम करावी लागते, कारण औषधांचे दुष्परिणाम, थायरॉइडचे विकार, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळे झालेला विसराळूपणा उपचारांनी कमी होऊ शकतो.

संमती

सज्ञान व निर्णयक्षम व्यक्ती कोठे राहील, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच असतो. कुटुंबाने एकमताने घेतलेला निर्णयही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. 'तपासणीला जायचे आहे' किंवा 'चार दिवस हवापालट' असे सांगून केलेला प्रवेश पुढे व्यक्तीचा कुटुंबावरील आणि संस्थेवरील विश्वास नाहीसा करतो. त्यामुळे दोन किंवा तीन संस्था व्यक्तीला स्वतःला दाखवणे, तेथे तिला जेवू घालणे आणि शक्य असल्यास पंधरा दिवस ते एक महिना तात्पुरता मुक्काम करवणे हा योग्य मार्ग समजला जातो. तात्पुरत्या मुक्कामानंतर परत येण्याची मुभा खरी असावी लागते. त्यासाठी घरातील तिची खोली, कॉट व कपाट त्या काळात तसेच ठेवले जाते.

स्मृतिभ्रंशामुळे निर्णयक्षमता कमी झालेल्या व्यक्तीच्या बाबतीतही तिच्या सवयी व आवडीनिवडी लक्षात घ्याव्या लागतात. पहाटे उठून तुळशीला पाणी घालणे, सायंकाळचा हरिपाठ, पाच वेळची नमाज, बुद्धवंदना, ज्वारीची भाकरी, शाकाहार, उपवासाचे दिवस या गोष्टी अशा व्यक्तीच्या दिवसाला आधार देतात. त्या तेथे चालू राहतील काय, याची आधीच चौकशी करणे इष्ट असते.

प्रत्यक्ष पाहणी

संस्थेची पाहणी एकाहून अधिक वेळा आणि निरनिराळ्या वेळी केली जाते. पहिली भेट वेळ ठरवून होत असली तरी पुढील एक भेट दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि एक सायंकाळनंतर किंवा रविवारी केल्यास कर्मचाऱ्यांची खरी संख्या समजते. पाहणीत सामान्यतः पुढील बाबी तपासल्या जातात.

- इमारत: उंबरठा नसलेली रुंद दारे, चाकाची खुर्ची जाईल असा उतार, दोन्ही बाजूंना कठडा असलेला जिना, न घसरणारी फरशी, शौचालयात धरायला दांडे व बाहेर उघडणारे दार.
- हाक: रात्री मदतीसाठी घंटा आहे काय, ती वाजवल्यावर कोण येते व किती वेळात येते.
- कर्मचारी: दिवसा व रात्री प्रत्येकी किती सेवक असतात, त्यांपैकी किती प्रशिक्षित आहेत, स्त्रियांसाठी स्त्री सेविका आहेत काय, सेवक किती काळ टिकतात.
- स्वच्छता: लघवीचा दर्प, अंथरुणाची व कपड्यांची स्थिती, वाढलेली नखे.
- आहार: मधुमेह, रक्तदाब, दात नसणे यांनुसार वेगळे अन्न मिळते काय, पाण्याचे भांडे हाताशी असते काय.
- दिनक्रम: दुपारी माणसे पडवीत, अंगणात बसलेली दिसतात की सर्व जण खाटेवर असतात.

निवासी व्यक्तींशी व्यवस्थापकाच्या अनुपस्थितीत बोलल्यास अधिक माहिती मिळते. 'येथे बरे आहे काय' या प्रश्नाला बहुतेक जण होकारार्थी उत्तर देतात. त्यापेक्षा काल रात्री जेवायला काय होते, आंघोळीला गरम पाणी मिळाले काय, गेल्या महिन्यात कोण भेटायला आले होते, असे नेमके प्रश्न उपयोगी पडतात.

मराठवाड्याच्या हवामानामुळे पाणी व वीज या दोन बाबींना जालन्यात विशेष महत्त्व आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्याला तीव्र टंचाई सोसावी लागली. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि वृद्धांना शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून संस्थेची पाण्याची साठवण किती दिवस पुरते, टँकरची सोय आहे काय, खोल्यांत कूलर आहेत काय आणि वीज गेल्यास पंखे व दिवे कशावर चालतात, हे एप्रिल-मे महिन्यांतील भेटीत चांगले कळते.

वैद्यकीय व्यवस्था

'डॉक्टर उपलब्ध' या शब्दांचा अर्थ संस्थेनुसार बदलतो. आठवड्यातून एकदा भेट, बोलावल्यावर भेट आणि निवासी परिचारिका या तीन व्यवस्थांत मोठा फरक असतो. औषधे कोण देते, त्याची लेखी नोंद ठेवली जाते काय, पडल्यास किंवा ताप आल्यास नातेवाइकांना किती वेळात कळवले जाते, रुग्णालयात सोबत कोण थांबते, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. रुग्णालयात सोबत थांबण्याची जबाबदारी पुष्कळ संस्था नातेवाइकांवर ठेवतात. मुले पुण्यात किंवा परदेशात असतील तर ही अट सर्वांत अडचणीची ठरते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. जालना शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय असून विशेष उपचारांसाठी रुग्णांना सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथे नेले जाते. संस्थेपासून जवळच्या रुग्णालयापर्यंत रात्री पोहोचण्यास लागणारा वेळ प्रत्यक्ष तपासणे योग्य असते. आयुष्मान भारत योजनेचा लाभ २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता देण्यात येतो. त्यात वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार अंतर्भूत असतात. वृद्धनिवासाचे शुल्क किंवा मदतनिसाचा पगार त्यातून मिळत नाही.

परावलंबित्वाबाबतची अट करारात स्पष्ट असावी लागते. अनेक संस्थांच्या नियमावलीत 'निवासी अंथरुणाला खिळल्यास पालकाने घेऊन जावे' असे कलम असते. वयाच्या सत्तरीत प्रवेश घेतलेल्या व्यक्तीवर ही वेळ पंच्याऐंशीव्या वर्षी, म्हणजे तिला घर व शेजार दोन्ही उरले नसताना येऊ शकते. अशा संस्थेत प्रवेश घ्यावयाचा असल्यास पुढची व्यवस्था कोठे व कोणाच्या खर्चाने होईल, हे कुटुंबाने आधीच ठरवून ठेवणे आवश्यक असते. सध्या अंथरुणावर असलेले किती निवासी संस्थेत आहेत, त्यांची कूस किती वेळाने बदलली जाते व त्यांना शय्याव्रण झाले आहेत काय, यावरून संस्थेची क्षमता समजते.

खर्च आणि करार

मासिक शुल्काच्या आकड्यावरून दोन संस्थांची तुलना करता येत नाही. औषधे, डायपर, खासगी मदतनीस, कपडे धुणे, विशेष आहार, वैद्यकीय तपासण्या व वीज हे खर्च काही ठिकाणी शुल्कात समाविष्ट असतात, तर काही ठिकाणी वेगळे आकारले जातात. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत समान स्थितीतील निवासी व्यक्तीला प्रत्यक्षात किती बिल आले, याची विचारणा केली जाते. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळते, मृत्यू झाल्यास किंवा निवासीने स्वेच्छेने संस्था सोडल्यास किती कपात होते, शुल्क दरवर्षी किती वाढते, या अटी लेखी असाव्या लागतात. देणगी म्हणून मागितलेली रक्कम परत मिळत नाही. अनामत व देणगी यांच्या पावत्या त्यामुळे स्वतंत्र असणे महत्त्वाचे ठरते.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधार व्यक्तींना मासिक अर्थसाहाय्य मिळते. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ही कामे प्रवेशानंतर कोण करील, हे ठरवलेले असावे. बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड व आधार कार्ड शक्य तोवर व्यक्तीच्याच ताब्यात राहणे इष्ट मानले जाते.

कायदेशीर बाजू

धर्मादाय तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात झालेली असते आणि तिला लेखापरीक्षित हिशेब सादर करावे लागतात. नोंदणी क्रमांक व विश्वस्तांची नावे मागितल्यास नोंदणीकृत संस्थेला ती देण्यास हरकत नसते. वसाहतीतील सदनिका विकत घ्यावयाची असल्यास महारेराकडील प्रकल्पनोंदणी पाहावी लागते. ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांतील दारे, उद्वाहक, जिने, प्रकाश व सुरक्षितता यांविषयीची किमान मानके महारेराने मे २०२४ मध्ये निश्चित केली.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा या क्षेत्रातील प्रमुख कायदा होय. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला. त्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह होत नसल्यास ती उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. अधिनियमात निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. अपत्यहीन ज्येष्ठाच्या बाबतीत त्याची मालमत्ता ताब्यात असलेल्या किंवा वारशाने मिळणार असलेल्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा किमान एक वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने स्थापन करावा, अशी तरतूद कलम १९ मध्ये आहे. ज्येष्ठ नागरिकाला पूर्णतः सोडून देण्याच्या उद्देशाने कोठेही ठेवणाऱ्या जबाबदार व्यक्तीस कलम २४ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वृद्धाश्रमात प्रवेश झाल्याने मुलांची निर्वाहाची जबाबदारी संपत नाही.

प्रवेशापूर्वी शेतजमीन किंवा घर मुलांच्या अथवा संस्थेच्या नावे करून देण्याचा प्रश्न पुष्कळदा उद्भवतो. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल न झाल्यास कलम २३ नुसार परत मिळू शकते. मात्र तशी अट असल्याचे दाखवता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले. उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या २०२५ च्या निर्णयात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने लावण्यावर भर दिला. त्यामुळे बक्षीसपत्र करायचेच असल्यास देखभालीची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहिणे, किंवा मालमत्ता हयातीत स्वतःकडे ठेवून मृत्युपत्र करणे, हे अधिक सुरक्षित मार्ग ठरतात.

अंतर आणि भेटीगाठी

निवास निवडताना सेवेचा दर्जा व अंतर यांत अनेकदा तडजोड करावी लागते. पुण्यातील संस्थेत सोयी अधिक असल्या तरी मंठा किंवा भोकरदन तालुक्यातील गावच्या बहिणीला, मैत्रिणीला किंवा शेजाऱ्याला तेथे वारंवार जाता येत नाही. उलटपक्षी मुलगा पुण्यात व गावी कोणीही नाही, अशा स्थितीत जालन्याजवळची संस्था प्रत्यक्षात दूरची ठरते. म्हणून नकाशावरील अंतरापेक्षा महिन्यातून किमान दोनदा कोण येऊ शकेल, याला प्राधान्य दिले जाते. नियमित भेटींमुळे एकाकीपणा कमी होतोच, शिवाय संस्थेच्या कामावरही लक्ष राहते. महाराष्ट्रात २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना निम्मे भाडे पडते. त्यामुळे समवयस्क नातेवाइकांच्या भेटी, तसेच निवासी व्यक्तीचे सणावाराला, लग्नकार्याला किंवा गावच्या जत्रेला जाणे कमी खर्चात होऊ शकते.

प्रवेशानंतरचे मूल्यमापन

पहिल्या तीन महिन्यांत वजन, झोप, बोलणे व चालणे यांत होणारे बदल विशेष महत्त्वाचे असतात. वजन घटणे, अंगावर न सांगता येणारे वळ किंवा जखमा, सेवक जवळ आल्यावर गप्प होणे, सतत गुंगीत असणे, स्वतःच्या वस्तू व पैसे नाहीसे होणे ही दुर्लक्षाची किंवा छळाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी प्रथम लेखी तक्रार, नंतर समाजकल्याण विभाग, मदतवाहिनी किंवा पोलीस यांच्याकडे दाद मागता येते. गरजा बदलत असल्यामुळे दर सहा महिन्यांनी, तसेच प्रत्येक रुग्णालयवासानंतर मूल्यमापन पुन्हा करावे लागते. संस्था बदलणे किंवा घरी परत येणे हे पर्याय शेवटपर्यंत खुले ठेवणे व्यक्तीच्या हिताचे असते.

मराठी रंगभूमी व चित्रपट

वृद्धांचे परावलंबित्व आणि त्यांचे निवासस्थान हा मराठी रंगभूमीचा महत्त्वाचा विषय राहिला आहे. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकातील गणपतराव बेलवलकर आपली मालमत्ता मुलांना देऊन टाकतात आणि पुढे त्यांना मुलांच्या घरी मानाने राहता येत नाही. जयवंत दळवी यांच्या 'संध्याछाया' या नाटकात मुले दूर गेल्यानंतर एकाकी झालेले वृद्ध जोडपे आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'अस्तु' या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित आणि त्यांची काळजी घेणारी मुलगी यांचे चित्रण असून पंडितांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे.